दम्याचं पोरगं सिगारेट ओढायला लागलंय हे कळल्यावर घरच्यांनी काय करायचं

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, फार्मसी केलेली बाई आहे आणि तालुक्याच्या गावात आमचं मेडिकल आहे, त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूने जे दिसतं ते घरात बऱ्याचदा दिसत नाही. आईबाप येतात ते घाबरलेले पण असतात आणि चिडलेले पण, आणि म्हणणं एकच, "ताई, याची सिगारेट सुटेल असं काहीतरी द्या." असं काही पाकिटात मिळत नाही. पण करण्यासारखं खूप आहे आणि त्याला क्रम आहे. तो क्रम उलटा केला की सिगारेट तर सुटत नाहीच, वर पोरगं दम्याचा पंप (इनहेलर) पण लपवून घ्यायला लागतं, आणि खरा धोका तिथं आहे.

(पोरगा पोरगा लिहितेय पण मुली पण ओढतात, आणि मुलीचं कळलं की घरात जो तमाशा होतो त्यात दम्याचं नावच निघत नाही, सगळं "लोक काय म्हणतील" वर जातं. खाली लिहिलंय ते दोघांनाही लागू.)

पहिल्या दिवशी श्वास बघा, मित्र नंतर

खिशात लायटर सापडला, शर्टाला वास आला, शेजारच्या काकांनी टपरीवर बघितलं, कसं का कळेना, आपला पहिला प्रश्न असतो "कुणाच्या नादाला लागलास?" तो चार दिवस राहू द्या. आधी हे बघा की त्याचा दमा आत्ता कुठल्या अवस्थेत आहे. रात्री खोकत उठतो का, दोन जिने चढल्यावर थांबतो का, सकाळी उठल्या उठल्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे निळा पंप किती वेळा मारतो. निळा पंप म्हणजे सॅल्बुटामॉलचा, अस्थालिन वगैरे, लगेच आराम देणारा. आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा तो लागत असेल तर दमा ताब्यात नाही, सिगारेट असो नसो.

आमच्याकडे हिशोब असा कळतो. अस्थालिनच्या एका पंपात २०० डोस असतात. एखादं पोरगं दर महिन्याला नवा घेऊन जात असेल तर ते दिवसाला सहा-सात वेळा मारतंय. दम्याची जी जागतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत, डॉक्टर लोक त्याला जिना म्हणतात, त्यात स्पष्ट लिहिलंय की वर्षाला असे तीन किंवा जास्त पंप लागले तर मोठा अटॅक येण्याचा धोका वाढतो आणि बारा लागले तर जिवाचा धोका वाढतो. कितीतरी घरांत बारा लागतात आणि कुणी मोजत नाही, कारण एक बाबा आणतात, एक मामा आणतो, एक पोरगं स्वतःच चिठ्ठी दाखवून घेऊन जातं. म्हणून आज एक करा, नवा पंप उघडला की त्यावर मार्करने तारीख टाका. बस.

आता दुसरा पंप, रोजचा, स्टिरॉइडचा. "पंपाची सवय लागते" या भीतीने हा आधीच निम्म्या घरांत बंद असतो. सवय लागत नाही. हा पंप श्वासनळ्यांची आतली सूज कमी करतो, निळा फक्त आवळलेल्या नळ्या काही तासांपुरत्या सैल करतो, सूज तशीच राहते. आणि सिगारेटचं खरं दुखणं इथं आहे, धुरामुळे हा स्टिरॉइडचा पंप ओढणाऱ्याच्या छातीत कमी काम करतो. म्हणजे पोरगा रोज इमानदारीत पंप घेतोय तरी फरक पडत नाही, मग तो म्हणतो काही उपयोग नाही याचा, सोडून देतो, मग उरला निळा, मग निळा वाढत जातो, आणि एक दिवस निळा पण पुरत नाही.

म्हणून क्रम असा की आधी रोजचा पंप नियमित, सिगारेट त्याच्या मागोमाग. चिडून "आधी सिगारेट सोड मग पंपाला पैसे देतो" असं म्हणणारे वडील मी समोर बघितलेत. असं चुकूनही करू नका. मोबाइल काढून घ्या, गाडीची चावी घ्या, काय शिक्षा करायची ती करा, पण पंप शिक्षेच्या यादीत नको. आणि पंप काढला की लगेच "बघ, ओढलीस ना म्हणून लागला" हे पण नको. दोनदा असं ऐकलं की तिसऱ्या वेळी तो बाथरूममध्ये जाऊन मारेल, चौथ्या वेळी मारणारच नाही.

बोलायचं कसं

वास आला त्याच रात्री, जेवणाच्या ताटावर, आजीसमोर, बिलकुल नाही. गाडीवर मागे बसवून कुठं नेताना किंवा गच्चीवर कपडे काढताना बोला, समोरासमोर डोळ्यात डोळे घालून बसलं की सोळा-सतरा वर्षांचं पोर गप्पच होतं. सुरुवात साधी ठेवा. "अरे, मला कळलंय तू ओढतोस. मी ओरडणार नाहीये, मला तुझ्या छातीची काळजी आहे. पंप किती वेळा लागतोय तेवढं खरं सांग." एवढंच आणि मग थांबा. तो म्हणेल मी नाही, मित्र ओढत होते, शर्टाला वास लागला. ठीक आहे म्हणा, वाद घालू नका, तपासनीस होऊ नका. "बरं. पण मित्रांच्या धुराने पण तुला त्रास होतो, तर पंप जवळ असतो ना?" बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांनी तो स्वतःहून येतो.

त्याच्या यूपीआयची हिस्ट्री चोरून बघण्याबद्दल बऱ्याच जणी विचारतात. क्लासच्या वेळेला टपरीवाल्याला वीस-वीस रुपये गेलेले दिसतात हे खरंय. पण तुम्ही बघितलं हे त्याला कळलं की तो कॅश वापरेल, एवढाच फरक, आणि तुमच्यावरचा विश्वास गेला तो गेला. माझं मत, बघू नका.

त्याला का ओढावीशी वाटते ते मात्र नीट ऐका, कारण दम्याच्या पोरांचं कारण बाकीच्यांपेक्षा जरा वेगळं असतं. लहानपणापासून याने काय ऐकलंय? दही खाऊ नको, केळं नको, बर्फाचा गोळा नको, पळू नको, पावसात भिजू नको, ट्रेकला जाऊ नको, दिवाळीत खाली जाऊ नको. पीटीच्या तासाला बाकड्यावर बसवून ठेवलं. वर्गात कुणीतरी "ए दमेकरी" म्हटलं. असा पोरगा अकरावीत नवीन ग्रुपमध्ये जातो, तिथं कुणाला त्याचा दमा माहीत नसतो, क्लास सुटल्यावर सगळे चहा-सुट्ट्याला उभे राहतात आणि याच्या हातात कुणीतरी देतं. तो नाही कसा म्हणेल? नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागतं, आणि कारण सांगितलं की परत दमेकरी. खोकला येतो तो पण तो दाबतो. त्यामुळे "दमा असून ओढतोस, अक्कल आहे का" या वाक्याचा उपयोग शून्य, दमा आहे म्हणूनच तर ओढतोय तो. अशा पोराला बंदी कमी करून द्यायला लागते. दमा ताब्यात असेल तर तो पळू शकतो, पोहू शकतो, सिंहगड चढू शकतो, दही-केळ्याने दमा होत नाही (ज्याला खरोखर त्या पदार्थाची ॲलर्जी आहे तो सोडून). हे घरच्यांनीच आधी मान्य करायला पाहिजे.

कॅन्सरचे फोटो दाखवू नका. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर ते आहेतच, २०१६ पासून, तो रोज बघतो, आणि सुटी सिगारेट घेणाऱ्याला तर पाकीट दिसत पण नाही. चाळिशीतल्या आजाराने सतरा वर्षांचा घाबरत नाही. त्याला आज काय हवंय ते पकडा. आमच्या भागात निम्मी पोरं पोलीस भरतीच्या मागे आहेत, तिथं १६०० मीटर पळायचं असतं आणि शेवटच्या चारशे मीटरला काय होतं ते त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहितीय. कुणाला क्रिकेट, कुणाला ढोल पथक, कुणाला जिमला जायचंय.

एक युक्ती काउन्सेलर लोक वापरतात, घरी पण चालते. विचारा, "सोडायची इच्छा दहापैकी किती?" तो म्हणाला चार, तर "चारच का" असं नाही विचारायचं. "दोन का नाही म्हणालास?" असं विचारायचं. मग तो स्वतःच सांगायला लागतो की सकाळी छाती भरते, पैसे जातात, अमुक मुलीला वास आवडत नाही. ती कारणं त्याच्या तोंडून आली की तुमच्या लेक्चरची गरज नाही.

त्याच्या डोक्यातल्या गोष्टी

मिंटवाली किंवा ते गोळी फोडायची असते ती सिगारेट दम्याला चालते, छाती मोकळी वाटते, असं पोरं अगदी खात्रीने सांगतात. मेंथॉलने घसा थंड पडतो आणि धुराची जळजळ जाणवत नाही, म्हणून मोकळं वाटतं, धूर तेवढाच आत जातो, उलट जरा खोलच जातो. सिगारेटने कफ सुटतो हे आजोबांच्या काळापासून चालत आलंय, तो खोकला धुराने नळ्या चिडल्याचा असतो. व्हेप (ई-सिगारेट) म्हणजे नुसती वाफ, हे पण खोटं, त्यात बहुतेक वेळा निकोटिन असतं आणि फ्लेवरची रसायनं दम्याच्या नळ्यांना चिडवतात, शिवाय भारतात २०१९ च्या कायद्याने त्याच्या विक्रीवरच बंदी आहे, म्हणजे जे मिळतंय ते कुठून आलं आणि आत काय आहे देव जाणे. हर्बल हुक्का पण धूरच, कोळसा तर जळतोच ना. महाराष्ट्रात हुक्का पार्लरवर २०१८ पासून बंदी आहे पण वाढदिवसाला फार्महाऊसवर निघतोच. आणि गांजाबद्दल पण एकदा शांतपणे विचारून घ्या, रोल करून ओढतात त्यात तंबाखू पण मिसळलेली असते.

आपल्याकडचा आणखी एक घोळ म्हणजे सिगारेट सोडून मावा धरायचा. धूर नाही म्हणून आईबाप पण सुस्कारा टाकतात. निकोटिन तेच, व्यसन तेच, आणि तोंडाचं वाटोळं वेगळं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, कुठल्याही बसस्टँडवर बघून घ्या काय चाललंय.

डॉक्टरकडे जाताना

जायचंच आहे, आणि शक्यतो छातीच्या डॉक्टरकडे. आत गेल्यावर दोन मिनिटांनी तुम्ही बाहेर या. "सर, याला तुमच्याशी जरा एकट्याने बोलायचंय" एवढं म्हणा आणि उठा, आयांना हे फार जड जातं पण पोरं तुमच्यासमोर दिवसाला किती ते खरं सांगत नाहीत. आणि खरं सांगणं गरजेचं आहे, त्याला कारणं आहेत. श्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजायची टेस्ट असते, ओढणाऱ्यांत तो आकडा कमी येतो आणि सूज आहे त्यापेक्षा कमी वाटू शकते. डेरिफायलिनसारखी थिओफायलिनची गोळी चालू असेल तर ओढणाऱ्याच्या शरीरातून ती लवकर बाहेर पडते, आणि त्याने अचानक ओढणं बंद केलं की तोच डोस जास्त होऊ शकतो, मग मळमळ, धडधड. म्हणजे सोडतानाही डॉक्टरला माहीत पाहिजे.

दोन गोष्टी आवर्जून विचारा. एक, नुसत्या निळ्या पंपावर ठेवलं असेल तर बदलता येईल का, कारण २०१९ पासून जिनाचं म्हणणं आहे की बारा वर्षांवरच्या कुणालाच फक्त निळ्या पंपावर ठेवू नये, त्याच्यासोबत स्टिरॉइड पाहिजेच, आणि स्टिरॉइड आणि फॉर्मोटेरॉल (नळ्या सैल करणारं औषध) एकत्र असलेला एकच पंप रोजचा पण आणि लागेल तेव्हाचा पण असं करता येतं. पोरांना एक पंप सांभाळणं सोपं जातं. दोन, अटॅक आला तर काय करायचं ते कागदावर लिहून मागा.

निकोटिनचं च्युइंगम मेडिकलमध्ये मिळतं म्हणून स्वतः आणून देऊ नका, ते मोठ्यांसाठी आहे, अठराच्या आतल्याला द्यायचं का, किती, ते डॉक्टरच ठरवतील. मी तरी अशा आईबापांना परत पाठवते.

पंप घ्यायची पद्धत पण तिथंच तपासून घ्या. माझ्यासमोर पोरं पंप मारून दाखवतात तेव्हा अर्धं औषध जिभेवर आणि थोडं नाकातून बाहेर येताना दिसतं. हलवायचा, श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, ओठ घट्ट, मग दाबत दाबत हळू आत ओढायचं, दहापर्यंत मनात मोजत धरून ठेवायचं. स्पेसर (पंपाच्या तोंडाला लावायचं प्लास्टिकचं नळकांडं) लावला तर निम्म्या चुका आपोआप जातात, पण स्पेसर लहान मुलांचा वाटतो म्हणून ही पोरं तो कॉलेजला नेत नाहीत, निदान घरी वापरू दे. स्टिरॉइडचा पंप झाला की चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.

जमलं तर पीक फ्लो मीटर घ्या, साधी प्लास्टिकची नळी असते काटा असलेली, उभं राहून खोल श्वास घेऊन एकदम जोरात फुंकायचं, तीनदा, सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. बरं असताना दोन आठवडे मोजून त्याचा स्वतःचा बेस्ट आकडा काढायचा. त्याच्या ८० टक्क्यांच्या वर असेल तर ठीक, ५० ते ८० मध्ये सावध, ५० च्या खाली लगेच दवाखाना. याचा मोठा फायदा असा की तो आकडा तुमचा नसतो, त्याचा असतो. शनिवारी पार्टी झाली, रविवारी सकाळी आकडा खाली आला, त्याला दिसतं. तुम्ही तोंड बंद ठेवायचं, हे अवघड आहे, पण ठेवायचं.

घर

बाबा गॅलरीत उभे राहून ओढतात आणि पोराला सांगतात सोड. चालणार नाही हो हे. आजोबांची बिडी असेल तरी तेच, गॅलरीतला धूर आत येतोच. बाबा-पोरगा दोघांनी एकाच तारखेला सोडलं तर उत्तमच, नाहीतर निदान घरात, गाडीत आणि त्याच्यासमोर नाही. मच्छर अगरबत्ती, सकाळ-संध्याकाळचा धूप, पावसाळ्यात भिंतीला धरलेली बुरशी, दिवाळीचे फटाके, हे सगळं पण त्याच नळ्यांना चिडवतं, तर सिगारेटवर सगळं खापर फोडायच्या आधी ते पण आवरा. जाळी लावा, मच्छरदाणी लावा.

टपरीवाल्याशी भांडायला जाऊ नका, पोराची लाज निघते. अठराच्या आतल्याला विकणं आणि शाळा-कॉलेजच्या १०० यार्डांत विकणं २००३ च्या कायद्याने बंद आहे, सुटी सिगारेट विकायला राज्यात २०२० पासून बंदी आहे, आणि लहान मुलाला तंबाखू देण्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. कायदे भरपूर आहेत. पालक मिळून कॉलेजला लेखी द्या, नाव कुणाचंच नको, ते जास्त चालतं.

तारीख ठरवून सोडताना

तारीख त्याने ठरवायची. परीक्षेच्या आठवड्यातली नको, मित्राच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीची पण नको. पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट, चिडचिड, झोप नाही, डोकं दुखणार, लक्ष लागणार नाही, मग दोन-चार आठवड्यांत उतरतं. त्या तीन दिवसांत "खोली किती घाण ठेवलीस" वगैरे विषय काढू नका. तलफ येते ती काही मिनिटांचीच असते, तेवढा वेळ काढायचा, पाणी प्यायचं, बडीशेप चघळायची, चालायला जायचं, कुणाला तरी फोन करायचा. क्लास सुटल्यावर टपरीवरून जायचा रस्ताच बदलायचा. ग्रुप सोड म्हणू नका, तो सोडणार नाही, एका मित्राला फक्त सांगून ठेवायला लावा की मला दमा आहे आणि पंप बॅगच्या या कप्प्यात असतो. हे एक वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडलं की टपरीवर नाही म्हणायला पण त्याला सोपं जातं.

सरकारची क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६, फुकट, पाकिटावर पण छापलेला असतो नंबर. तिथं काउन्सेलर बोलतात, नंतर परत फोन करून विचारतात पण. पोरगं आईशी बोलत नाही पण अनोळखी माणसाशी बोलतं, असं होतं खूपदा.

अटॅक आला तर

प्रश्न विचारायचे नाहीत. किती ओढल्या, कुणासोबत, एक शब्द नाही. सरळ बसवा, आडवं करू नका, कपडे सैल करा, निळा पंप स्पेसरमधून एक एक करत चार वेळा, प्रत्येक वेळी चार श्वास घ्यायला लावा, चार मिनिटं थांबा, फरक नाही तर परत चार. डॉक्टरांनी कागदावर वेगळं लिहून दिलं असेल तर ते. वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ-नखं निळसर दिसत असतील, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, पोरगं गुंगीत जात असेल, पंप मारून पण उतरत नसेल, तर १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत पंप चालू ठेवा. वाफ, आल्याचा रस, छातीला बाम चोळत बसणं यात वेळ जातो. आणि शिट्टीचा आवाज अचानक बंद झाला पण पोरगं थकलेलं दिसतंय तर बरं वाटलं समजू नका, हवाच जात नसते आत.

परत ओढली तर

ओढेल. बहुतेक जण पहिल्या झटक्यात सोडत नाहीत. कळलं की एवढंच विचारा, "कुठं होतास, काय झालं होतं?" रिझल्ट लागला होता, भांडण झालं होतं, कुणाचं लग्न होतं, जे असेल ते कळलं की पुढच्या वेळी तिथं काय करायचं ते ठरवता येतं. नवीन तारीख त्याच आठवड्यात. त्या दिवशी रोजचा पंप घेतला का ते बघा, पीक फ्लो बघा, आणि निळ्या पंपावरची तारीख एकदा वाचा. महिना पण झाला नाही आणि पंप संपला असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरला फोन करा.